कामाच्या जागेची अग्निसुरक्षा: कायद्याने जबाबदारी कुणाची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न महाराष्ट्रातल्या कामाच्या जागांबद्दल आहेत: ऑफिस, दुकान, गोदाम, हॉटेल, इंडस्ट्रियल इस्टेटमधला गाळा, कारखाना. विचारणारे बहुतेक मालक, भाडेकरू, अ‍ॅडमिन मॅनेजर किंवा गाळेधारकांच्या सोसायटीचे सेक्रेटरी असतात. रहिवासी सोसायट्यांनाही यातले बरेच लागू पडते, पण त्यांचा विचार इथे केलेला नाही.

नेमका कायदा कोणता?

मुख्य कायदा म्हणजे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. तो ६ डिसेंबर २००८ पासून अमलात आला आणि त्याखालचे नियम २००९ मध्ये आले. जिना किती रुंद हवा, दरवाजा कुठे उघडला पाहिजे, स्प्रिंकलर कुठे लागतात, असले तपशील हा कायदा स्वतः देत बसत नाही. त्यासाठी तो राष्ट्रीय इमारत संहितेकडे बोट दाखवतो. बोलताना सगळे तिला एनबीसी म्हणतात. तिचा भाग ४ आग आणि जीवसुरक्षेचा आहे. खाली दिलेली मापे २०१६ च्या आवृत्तीतली आहेत.

शिवाय तुमच्या महापालिकेची विकास नियंत्रण नियमावली असते, दुकाने व आस्थापनांचा कायदा असतो, कारखाना असेल तर त्याचे वेगळे नियम. एकाच जिन्यावर तीन-चार कायद्यांची नजर असते. त्यांतला जो कडक असेल तो पाळा, म्हणजे वाद उरत नाही.

जागा माझी नाही, मी भाड्याने घेतली आहे. मग जबाबदारी मालकाचीच ना?

दोघांचीही. कायद्यात ‘मालक’ आणि ‘भोगवटादार’ असे दोन शब्द आहेत आणि दोन्हींचा अर्थ ऐसपैस आहे. भाडे घेतो तो मालक. भाडे देऊन बसलेला, लीव्ह अँड लायसन्सवर बसलेला, फुकट बसलेला, इतकेच काय स्वतःची जागा स्वतः वापरणारा मालकसुद्धा भोगवटादार. ज्याच्या हातात जागेचा ताबा आहे तो सुटत नाही, आणि ज्याच्या खिशात भाडे जाते तोही सुटत नाही.

व्यवहारात साधारण अशी विभागणी होते: गाळ्याच्या आतले भोगवटादाराचे. म्हणजे वायरिंग, एक्स्टिंग्विशर, आतले पार्टिशन, माणसांचे प्रशिक्षण. सामाईक जिना, पंप, टाकी, हायड्रंट (आग विझवायच्या पाण्याचा नळ), अलार्मचे मुख्य पॅनल हे मालकाचे किंवा सोसायटीचे. ही विभागणी खर्चाच्या वाटपापुरती ठीक आहे. आग लागल्यावर तपास अधिकारी मात्र ती वाचत बसत नाही.

भाडेकरारात स्पष्ट लिहिले आहे की अग्निसुरक्षेची सर्व जबाबदारी भाडेकरूची. तरी मालक अडकतो?

अडकू शकतो. करार दोघांतला आहे, कायदा तिसऱ्याच्या जिवासाठी आहे. त्या कलमाच्या आधारे नंतर भाडेकरूकडून नुकसानभरपाई मागता येईल, पण फौजदारी जबाबदारी कराराने दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही.

दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाचे प्रकरण या बाबतीत वाचण्यासारखे आहे. १३ जून १९९७ रोजी तिथे ५९ माणसे गेली. आग लागली ती तळाच्या पार्किंगमधल्या ट्रान्सफॉर्मरला, आणि तो ट्रान्सफॉर्मर वीज मंडळाचा होता. ‘आमचा नव्हताच तो’ हा बचाव म्हणूनच तयार होता. पण बाल्कनीत जास्तीच्या खुर्च्या बसवून बाहेर पडायची वाट अडवली होती, आणि ते काम थिएटरवाल्यांचे होते. सर्वोच्च न्यायालयाने मालकांना दोषी धरले. ठिणगी कुणाची हा एक प्रश्न, माणसे बाहेर का पडू शकली नाहीत हा दुसरा. जागा ताब्यात असलेल्याला मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते.

बिल्डरने फायर एनओसी घेतली होती, ओसीही आहे. आता अजून काय हवे?

अग्निशमन दलाच्या मंजुरीशिवाय भोगवटा प्रमाणपत्र मिळत नाही, त्यामुळे ते कागद असणे चांगलेच. पण ते इमारत बांधून झाली त्या दिवसाचे आहेत. कायद्याची खरी अट पुढची आहे: बसवलेली यंत्रणा सदैव दुरुस्त आणि चालू स्थितीत ठेवणे. ‘सदैव’ म्हणजे रविवारी रात्री दोनलासुद्धा.

फॉर्म ए आणि फॉर्म बी म्हणजे काय?

फॉर्म ए: आवश्यक ती यंत्रणा बसवली आहे, असे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र.

फॉर्म बी: ती यंत्रणा चालू आणि सुस्थितीत आहे, असे एजन्सीचे प्रमाणपत्र. हे वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याकडे सादर करायचे. सादर करण्याचे काम मालकाचे किंवा भोगवटादाराचे आहे. एजन्सीने परस्पर पाठवले असेल तर त्याची पोच मागून घ्या आणि फाइलला लावा.

मागच्या वर्षीचा फॉर्म बी राहून गेला. आता मागची तारीख टाकून घेता येईल?

नाही. तशी ‘सोय’ करून देणारी एजन्सी भेटली तर तिच्यापासून लांबच राहा.

एजन्सी दर सहा महिन्यांनी सही करून देते. मग आम्ही वेगळे काय बघायचे?

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर.

फॉर्म बी हा गाडीच्या पीयूसीसारखा आहे: त्या दिवशी धूर ठीक होता एवढेच तो सांगतो. कायद्यानुसार प्रत्यक्ष तपासणी न करता प्रमाणपत्र देणारी एजन्सी गुन्हेगार ठरते, तिचा परवाना जाऊ शकतो. पण त्याने तुमची जबाबदारी कमी होत नाही. एजन्सीचा माणूस फिरत असेल तेव्हा त्याच्याबरोबर फिरा. त्याला चहा पाजून केबिनमध्ये सही घेऊ नका.

आधी पंपरूममध्ये जा. पाइपमध्ये पाण्याचा दाब कायम असायला हवा. तो किंचित घसरला की छोटा जॉकी पंप आपोआप चालू होतो, जास्त घसरला की मुख्य पंप. वीज गेली असेल तर डिझेलचा. हे सगळे व्हायचे तर पॅनलवरचा स्विच ‘ऑटो’वर असावा लागतो. कितीतरी इमारतींत तो ‘मॅन्युअल’वर किंवा सरळ ‘ऑफ’वर असतो. कारण विचारा. ठरलेले उत्तर मिळेल: ‘साहेब, कुठेतरी लीकेज आहे, जॉकी सारखा सुरू होतो, रात्रभर आवाज.’ म्हणजे पाचव्या मजल्यावरचा एखादा झिजलेला वॉशर बदलायचा आळस, आणि त्यापायी अख्ख्या इमारतीची यंत्रणा झोपलेली. वॉचमनला दोष देऊ नका, त्याला झोपेची अडचण होती, त्याने ती सोडवली. लीकेज काढणे त्याच्या हातात नव्हते, तुमच्या होते.

मग डिझेल पंपाची बॅटरी बघा. चालू करून दाखवा म्हणा. ‘परवाच चालवला होता’ हे उत्तर ग्राह्य धरू नका. टाकीवर चढून पाणी किती आहे ते बघा, कारण आग विझवण्यासाठी राखलेले पाणी टंचाईच्या महिन्यांत हळूच संडास-बाथरूमला वळवले जाते. गच्चीवर जा, शेवटचा हायड्रंट उघडायला लावा, धार येते का आणि कशी येते ते डोळ्यांनी बघा. खाली येताना एका मजल्यावरचे होज बॉक्स उघडा. त्यात होज आहे का, नोझल आहे का? पितळी नोझल भंगारात चांगल्या भावाने जातात. फाटकाजवळ अग्निशमन दलाचा बंब जोडायचे तोंड असते, त्यासमोर दुचाक्या लावलेल्या असतील तर त्या आजच हलवा.

आता ऑफिसात या. रंगकामाच्या वेळी स्मोक डिटेक्टरवर घातलेल्या प्लॅस्टिकच्या टोप्या अजून तशाच आहेत का बघा. अलार्म पॅनलवर पिवळा, म्हणजे बिघाडाचा, दिवा लागलेला असतो आणि बझर बंद केलेला असतो. त्या दिव्याचा अर्थ तिथे बसणाऱ्या गार्डला विचारा. त्याला सांगता आला नाही तर त्या पॅनलवर झालेला खर्च पाण्यात गेला समजा.

एवढ्याला तासभर लागतो.

एजन्सी खरी परवानाधारक आहे हे कसे कळेल?

परवाना राज्याच्या अग्निशमन सेवा संचालनालयाकडून मिळतो आणि परवानाधारकांची यादी संचालनालयाच्या संकेतस्थळावर असते. परवान्याची प्रत मागा, मुदत बघा, आणि कोणत्या कामासाठी परवाना आहे तेही बघा. एक्स्टिंग्विशर भरून देणारा प्रत्येक जण फॉर्म बी द्यायला पात्र नसतो.

बाहेर पडायच्या वाटेबद्दल नियम काय?

सगळ्या यंत्रणा बंद पडल्या तरी माणसे बाहेर पडली पाहिजेत. संहितेचा निम्मा जीव या एका मुद्द्यावर आहे.

कार्यालयीन इमारतीत जिन्याची किमान रुंदी दीड मीटर. बाहेर पडायच्या दरवाजाची रुंदी किमान एक मीटर, उंची दोन मीटर. कुठल्याही टेबलापासून सुरक्षित जिन्यापर्यंतचे चालायचे अंतर कार्यालयात साधारण ३० मीटरच्या आत. दरवाजा आतून किल्लीशिवाय उघडला पाहिजे. या शेवटच्या वाक्याला अपवाद शोधू नका.

किती माणसांसाठी वाट पुरते याचाही हिशेब आहे. संहिता कार्यालयात माणशी १० चौरस मीटर धरते. ३०० चौरस मीटरच्या ऑफिसात या हिशेबाने ३० माणसे होतात. तिथे तुम्ही ८० खुर्च्या टाकल्या असतील तर ‘इमारत मंजूर आहे’ याला अर्थ उरत नाही, कारण मंजुरी ३० माणसांच्या हिशेबाने आलेल्या वाटेला होती.

मोठ्या ऑफिसांची नवी डोकेदुखी म्हणजे कार्डने उघडणारे काचेचे दरवाजे. अलार्म वाजला किंवा वीज गेली की त्यांचे चुंबकी कुलूप आपोआप सुटले पाहिजे. बहुतेक ठिकाणी ते युपीएसवर जोडलेले असते, त्यामुळे वीज गेली तरी सुटत नाही, आणि अलार्मशी जोडायचे राहून गेलेले असते. दरवाजाजवळ काच फोडायचे हिरवे बटण आहे का आणि ते दाबल्यावर दरवाजा खरोखर सुटतो का, हे एकदा दाबूनच बघावे लागते.

जिन्याचा जाडजूड फायर डोअर आपोआप बंद झाला पाहिजे, कारण धूर जिन्यात शिरू न देणे हेच त्याचे काम. त्याला वीट, कुंडी किंवा पाण्याचा वीस लिटरचा जार लावून उघडा ठेवला की त्याचा उपयोग संपला. ये-जा फार असेल तर अलार्मबरोबर सुटणारे होल्डर मिळतात, ते बसवा. विटेला मात्र अलार्म ऐकू येत नाही.

चोरीची भीती असते. रात्री शटरला बाहेरून कुलूप लावले तर?

आत माणूस असेल तर नाही. हे लिहावे लागते, कारण ९ मे २०१९ च्या पहाटे पुण्याजवळ उरुळी देवाची इथे साडीच्या दुकानात पाच कामगार आत झोपले होते, शटरला बाहेरून कुलूप होते आणि पाचही जण गेले.

कामगार रात्री गाळ्यातच किंवा माळ्यावर झोपतात. सगळीकडेच असे चालते ना?

चालते, आणि महाराष्ट्रातल्या कामाच्या जागांवरच्या आगींचे मृत्यू बघितले तर हेच कारण पुन्हापुन्हा सापडते. १८ डिसेंबर २०१७, साकीनाक्याचे फरसाणचे दुकान, १२ कामगार. ३१ डिसेंबर २०२३, वाळूजचा हातमोज्यांचा कारखाना, सहा कामगार. १८ मे २०२५, सोलापूरचा टॉवेल कारखाना, आठ जण. तिथे मालकाचे कुटुंबही कारखान्याच्याच इमारतीत राहत होते.

वाणिज्य किंवा औद्योगिक वापरासाठी मंजूर झालेल्या जागेत माणसे मुक्कामाला ठेवणे म्हणजे वापरबदल. मंजुरी गेली, विम्याचा आधार डळमळला, आणि अपघात झाल्यावर ‘माहीत नव्हते’ म्हणायची सोय राहिली नाही, कारण गाद्या तुम्ही पाहिल्या होत्या. परगावच्या मुलांना मुंबई-पुण्यात खोली परवडत नाही हे खरे आहे. म्हणूनच राहण्याची सोय वेगळ्या जागेत करणे हा धंद्याचा खर्च धरा. ती होईपर्यंत निदान एवढे करा: झोपायच्या जागेपासून बाहेर जाणाऱ्या दोन वाटा, आतून उघडणारी कडी, बॅटरीवर चालणारे धुराचे अलार्म, आणि ज्या मजल्यावर माणसे झोपतात त्याच्या खाली केमिकल, फोम, कापड, गॅस यांतले काही नाही. कायद्याने हे पुरेसे ठरत नाही. जीव वाचण्याची शक्यता वाढते, म्हणून सांगितले.

एक्स्टिंग्विशर किती आणि कोणते ठेवायचे?

प्रकार आधी ठरवा. लाकूड, कागद, कापड ही ‘ए’ वर्गाची आग, तेल-पेट्रोल-थिनर ‘बी’, गॅस ‘सी’. ऑफिस-दुकानात एबीसी पावडर बहुतेक कामे भागवतो. सर्व्हर रूम आणि विजेच्या पॅनलजवळ कार्बन डायऑक्साइडचा, कारण पावडरने आग विझते पण यंत्रेही निकामी होतात. विजेच्या आगीवर पाणी नाही. हॉटेलच्या तळणीच्या कढईवरही नाही.

संख्येचा हिशेब भारतीय मानक २१९० मध्ये क्षेत्रफळ आणि धोक्याप्रमाणे दिला आहे, आणि ‘ए’ वर्गासाठी कुठूनही १५ मीटरच्या आत एक हाताशी यावा असा दंडक आहे. पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते महिन्यातून एकदा बघा. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काटा नसतो, तो वजन करूनच कळतो. आणि ते भिंतीवरच असू द्या. दरवाजा अडकवायला वापरलेले एक्स्टिंग्विशर मोजत बसलो तर हे पान संपेल.

गच्चीवर कँटीन, शेड किंवा रेफ्युज एरियात सामान ठेवले तर?

रेफ्युज एरिया म्हणजे उंच इमारतीत माणसांनी थांबून सुटकेची वाट बघायची जागा. संहितेनुसार २४ मीटरच्या वर ती लागते. तिथे जुन्या फायली, खुर्च्या, जनरेटर, धूम्रपानाचा कोपरा, काहीही नको. गच्चीचेही तेच.

२९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर मुंबईच्या कमला मिल परिसरात गच्चीवरच्या रेस्टॉरंटना आग लागली आणि १४ जणांचा जीव गेला. ज्वालाग्राही छत, आणि स्वच्छतागृहाकडे धावलेली माणसे. बाहेरची वाट न सापडलेला माणूस अशा खोलीत शिरतो जिला दुसरे दार नसते. त्या प्रकरणात रेस्टॉरंटवाल्यांबरोबर मिल परिसराच्या मालकांवर आणि पालिकेच्या माणसांवरही कारवाई झाली.

आम्ही आत फक्त फर्निचर आणि पार्टिशन बदलतोय. त्याला परवानगी लागते?

पार्टिशनने जिन्याची वाट, डिटेक्टरची कक्षा किंवा स्प्रिंकलरचा फवारा बदलत असेल तर अग्निशमन विभागाला विचारल्याशिवाय करू नका. इंटेरियर करणारा खोट्या छताच्या वर स्प्रिंकलर गाडून टाकतो आणि खाली छान दिवे लावतो. छताखालची आग वरच्या स्प्रिंकलरला उशिरा कळते. बसवलेली यंत्रणा काढणे, बदलणे किंवा निकामी करणे हा या कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे. ठेकेदाराला कामाच्या करारातच हे लिहून द्या.

इमारत जुनी आहे, कायद्याच्या आधीची. आम्हाला सूट आहे?

सरसकट सूट नाही. जुन्या इमारतीत नवा जिना घालणे अशक्य असते हे अग्निशमन अधिकाऱ्यालाही कळते, आणि अशा वेळी पर्यायी उपाय सुचवले जातात: बाहेरून लोखंडी जिना, जास्तीचे डिटेक्टर, ज्वालाग्राही सामान हलवणे, माणसांची संख्या कमी करणे. तो पत्रव्यवहार मात्र तुम्ही आपणहून सुरू केलेला असावा. जुने वायरिंग आणि त्यावर वर्षानुवर्षे चढवलेले एसी ही खरी धास्ती आहे, त्याचे ऑडिट आधी करा. २१ जून २०१२ रोजी खुद्द मंत्रालय जळाले. इमारत कुणाची आहे याने आगीला फरक पडत नाही.

मॉक ड्रिल सक्तीची आहे का?

उंच इमारतींसाठी संहितेत सांगितलेले वेळापत्रक असे: पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी, नंतर दर सहा महिन्यांनी. १५ मीटर किंवा त्याहून उंच ती उंच इमारत, अशी संहितेची व्याख्या आहे. ३० मीटरहून उंच कार्यालयीन इमारतीत तीन वर्षांचा अनुभव असलेला पात्र फायर ऑफिसर जागेवर हवा.

बुटक्या इमारतीतही ड्रिल घ्या. १४ एप्रिलला, अग्निशमन सेवा दिनाला, फोटोपुरती घेतात तशी नको. न सांगता घ्या, आणि एक जिना ‘बंद’ आहे असे जाहीर करून घ्या. मग कळते की निम्म्या लोकांना दुसरा जिना माहीतच नाही. व्हीलचेअरवरचा सहकारी, गरोदर बाई, आठव्या मजल्यावर बायपास झालेले काका: यांना कोण खाली आणणार, हे नावानिशी ठरलेले असावे. सगळे खाली आल्यावर हजेरी घ्या. आत कोणी राहिले आहे का, हा बंबावरून उतरणाऱ्या जवानाचा पहिला प्रश्न असतो.

कारखान्याला वेगळे काय लागते?

वरचे सगळे, आणि शिवाय कामगार कायदा. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे कलम ३८ आग लागू न देणे, पसरू न देणे, सर्वांना सुटकेची वाट देणे, विझवण्याची साधने ठेवणे आणि कामगारांना त्याचे शिक्षण देणे ही कर्तव्ये सांगत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक २०२० च्या संहितेने घेतली. कलमांचे आकडे बदलले, म्हणून कर्तव्य हलके झाले असे समजू नका. देखरेख औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची, म्हणजे बोलीत ‘डिश’ची. एमआयडीसीत असाल तर अग्निशमनाची परवानगी एमआयडीसीच्या अग्निशमन विभागाकडे.

कंपनीचा ‘ऑक्युपायर’ म्हणून संचालकांपैकीच एकाचे नाव द्यावे लागते. फॅक्टरी मॅनेजरला ऑक्युपायर दाखवून संचालकांनी बाजूला राहायची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये जे. के. इंडस्ट्रीज प्रकरणात मोडीत काढली.

रसायने असतील तर उत्पादन, साठा आणि पॅकिंग एका छताखाली ठेवू नका. ७ जून २०२१ रोजी मुळशी तालुक्यातल्या उरवडे इथे १७ कामगार गेले, त्यांत बहुतेक स्त्रिया. आत पोहोचायला जेसीबीने भिंत फोडावी लागली. ज्या भिंतीत दार हवे होते तीच ती.

सोसायटीतले इतर गाळेधारक पंपाच्या दुरुस्तीचे पैसे देत नाहीत. मी एकटा काय करू?

लेखी करा. सोसायटीला पत्र, पोच घ्या. सर्वसाधारण सभेत विषय घ्यायला लावा आणि इतिवृत्तात तुमचे म्हणणे नोंदवून घ्या. तरी हलले नाहीत तर मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याला कळवा. शेजाऱ्यांशी वाकडे येईल, त्याला इलाज नाही. नोटीस आल्यावर पैसे झपाझप जमतात, हा मात्र सगळीकडचा अनुभव. तोपर्यंत आपल्या गाळ्यातले आपण चोख ठेवा.

अग्निशमन अधिकारी तपासणीला आले तर त्यांना अडवता येते?

नाही. साधारण पद्धत अशी की तीन तास आधी नोटीस देऊन, सूर्योदय ते सूर्यास्ताच्या दरम्यान तपासणी होते. जिवाला धोका दिसत असेल तर वेळ आणि नोटीस दोन्हीची गरज नाही. ओळखपत्र मात्र जरूर बघा. अग्निशमन विभागाचे नाव सांगून एक्स्टिंग्विशर खपवणारे फिरत असतात.

नोटीस आली आहे. पुढे काय?

त्रुटी आणि मुदत नीट वाचा. लगेच लागणाऱ्या गोष्टी लगेच करा: वाटा मोकळ्या करणे, पंप ऑटोवर टाकणे, सिलिंडर भरणे. मोठ्या कामांसाठी एजन्सीची वर्कऑर्डर आणि वेळापत्रक जोडून लेखी उत्तर द्या. अपिलाची तरतूद आहे, पण अपील केले म्हणून बंद जिना उघडा होत नाही. धोका तातडीचा वाटला तर अधिकारी जागा रिकामी करायला लावू शकतात, पोलिसांची मदत घेऊ शकतात, सील ठोकू शकतात, वीज-पाणी तोडायला सांगू शकतात.

शिक्षा किती?

२००६ च्या अधिनियमात उल्लंघनाला किमान सहा महिने ते तीन वर्षे सक्तमजुरी आणि २० हजार ते ५० हजार रुपये दंड आहे. उल्लंघन चालूच राहिले तर दिवसागणिक वेगळा दंड. कायद्यात दुरुस्त्या होत असतात, म्हणून उत्तर देण्याआधी वकिलाकडून ताजा मजकूर बघून घ्या.

माणूस दगावला तर प्रकरण या कायद्यापुरते राहत नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम १०६, निष्काळजीपणाने मृत्यू, पाच वर्षांपर्यंत कैद. परिस्थिती माहीत असून दुर्लक्ष केले असे दिसले तर पोलीस कलम १०५, सदोष मनुष्यवध, लावतात. आगीबाबतच्या निष्काळजीपणाला मृत्यू झाला नाही तरी कलम २८७ आहे. कंपनी असेल तर त्या वेळी कारभार पाहणारी व्यक्ती पुढे केली जाते. अ‍ॅडमिन मॅनेजरांनी हे विशेष लक्षात घ्यावे: खर्चाची मंजुरी मागणारे तुमचे ईमेल आणि त्यावर आलेली उत्तरे जपून ठेवा.

विमा आहे. मग एवढी काळजी कशाला?

सर्वेअर आधी फॉर्म बी मागतो, मग पंपाची स्थिती बघतो, मग मंजूर वापर आणि प्रत्यक्ष वापर ताडून बघतो. दावा अडकायला एवढे पुरते. तुरुंगवासाचा विमा मिळत नाही.

नोंदी कोणत्या ठेवायच्या?

फॉर्म ए, फॉर्म बी आणि पोच, मंजूर नकाशा, एजन्सीच्या परवान्याची प्रत, पंप दर आठवड्याला चालवल्याची वही, एक्स्टिंग्विशरची भरण्याची तारीख, ड्रिलची हजेरी आणि त्यात सापडलेल्या चुका, विजेचे ऑडिट. पंपाच्या वहीत बारा महिने एकाच पेनने, एकाच बैठकीत भरलेल्या सह्या ओळखायला अधिकाऱ्याला वेळ लागत नाही. आणि एक प्रत इमारतीबाहेर ठेवा.

मी साधा कर्मचारी आहे. आमच्या ऑफिसात मागचा दरवाजा कायम कुलूपबंद असतो. कुठे सांगू?

आधी लेखी, ईमेलने, अ‍ॅडमिनला. उत्तर आले नाही तर महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या अग्निशमन विभागाकडे, एमआयडीसीत असाल तर तिथल्या, कारखाना असेल तर ‘डिश’कडेही. तक्रारीत पत्ता, मजला आणि दरवाजाचा फोटो द्या, त्यावर तारीख दिसू द्या. नाव गुप्त ठेवा अशी विनंती करता येते. प्रत्यक्ष आग किंवा धूर दिसला तर १०१ किंवा ११२. आधी फोन, मग एक्स्टिंग्विशर, आणि लिफ्ट नाही.